खोकल्याचं औषध आणि बंद झालेली लघवी

गेल्या ऑक्टोबरपासून दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो. आई पिशवीतून अर्धी उरलेली बाटली काढते आणि विचारते, "डॉक्टर, हे चालेल ना? त्या बातमीतलं तर नाही?" बातमी मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची. तिथल्या परासिया भागात ऑगस्ट-सप्टेंबर २०२५मध्ये लहान मुलं साध्या सर्दी-तापानंतर आजारी पडू लागली. आधी उलट्या झाल्या, मग लघवी कमी होत होत थांबली. अनेकांना आपल्या नागपूरला हलवलं, डायलिसिसवर ठेवलं. तरीही वीसहून अधिक मुलं गेली. 'कोल्ड्रिफ' या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तमिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. चालणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या एफडीएनेही या बॅचबद्दल सावधगिरीची सूचना काढली.

औषध खोकल्याचं, मग लघवी का बंद झाली? त्यासाठी किडनी काय करते ते बघायला हवं.

आपल्याला वाटतं किडनी म्हणजे गाळणी. हे अर्धंच खरं आहे. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि मोठ्या माणसात त्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. ऑफिसात असतात तसे २० लिटरचे नऊ जार! रक्तपेशी आणि प्रथिनं वरच राहतात. पाणी, मीठ, साखर, युरिया खाली उतरतं. एवढं सगळं बाहेर गेलं तर माणूस तासाभरातच कोलमडेल. म्हणून खरं काम गाळणीच्या पुढच्या लांब नलिकेत होतं. तिच्या पेशी कामाचं सगळं उचलून रक्तात परत टाकतात. जवळपास दोन तृतीयांश पाणी आणि मीठ पहिल्याच भागात परत घेतलं जातं, साखर तर जवळजवळ सगळीच. शेवटी उरते दीड-दोन लिटर लघवी.

हा पहिला भाग सतत राबत असतो, आणि विष नेमकं तिथेच बसतं. डायएथिलीन ग्लायकॉलचं यकृतात डायग्लायकॉलिक ॲसिड होतं. ते या पेशींत साठतं आणि त्यांना मारतं. मेलेल्या पेशी सुटून नलिकेत अडकतात, मागे दाब वाढतो, गाळलेलं पाणी फुटक्या पाइपासारखं परत आत झिरपतं. लघवी थांबते आणि क्रिएटिनीन चढत जातं.

हे विष कडू असतं तर मुलांनी थुंकलं असतं. पण ते गोडसर असतं, दिसायलाही सिरपसारखंच. औषधात वापरायचं प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन महाग पडतं, हे कारखान्यात वापरायचं रसायन स्वस्त. मुंबईने हे आधी पाहिलं आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. विष तेच होतं.

छिंदवाड्यात कंपनीच्या मालकाला अटक झाली, औषध लिहिणाऱ्या डॉक्टरलाही. माझं मत स्पष्ट सांगतो. बाटलीत विष आहे हे कोणताही डॉक्टर किंवा केमिस्ट वास घेऊन ओळखू शकत नाही. ते कच्चा माल कारखान्यात शिरतानाच तपासायला हवं. पण आम्हा डॉक्टरांची एक चूक मान्य करायला हवी. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हे डिसेंबर २०२३मध्येच केंद्रीय औषध नियंत्रकांनी सांगितलं होतं. आता केंद्राची सूचना आहे की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोतच, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. पण पालक "काहीतरी द्या" म्हणतात आणि आम्ही लिहून देतो.

घरी काय बघायचं? आजारी बाळाचा डायपर दिवसा सहा-आठ तास कोरडा राहिला तर सकाळची वाट बघू नका. बहुतेक वेळा कारण उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होणं हेच असतं आणि ते लवकर सुधारतं. पण किडनीच बंद असेल तर जबरदस्तीने पाजलेलं पाणी अंगात साठतं, श्वास लागतो. हा फरक तपासून आणि क्रिएटिनीन बघूनच कळतो. येताना दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या घेऊन या, लेबल फाडू नका, बॅच नंबर लागतो. आणि मागच्या पावसाळ्यातलं फ्रीजमधलं उरलेलं सिरप धाकट्याला देऊ नका, मोठ्याला लागू पडलं होतं तरीही.