बाजारात तुरी

अन्नभाग्य योजनेतल्या दरडोई दहा किलो तांदळापैकी पाच किलोंच्या बदल्यात तूरडाळ, तेल, साखर, मीठ असा ‘इंदिरा किट’ द्यायचे कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवले. निर्णय चांगला आहे. नुसत्या भाताने पोट भरते, पण अंग धरत नाही, हे कोणतीही अंगणवाडी सेविका सांगेल. मात्र पिशवीवर नाव कोणाचे आणि फोटो कोणाचा यावर आपल्याकडे डोकी जेवढी तापतात, तेवढी आतली डाळ कोणाच्या रानातली यावर तापत नाहीत. बीदरच्या मैलूरपासून कलबुर्गीच्या गंजापर्यंत खरा प्रश्न तोच आहे. ही डाळ याच पट्ट्यातून, हमीभावाने घेतली गेली तर शांततेसाठी त्याचा जो उपयोग होईल, तो सणावाराच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणाऱ्या शांतता समितीच्या बैठकांनी कधी झालेला नाही.

कलबुर्गी म्हणजे तुरीचे आगर. ‘गुलबर्गा तूर डाळी’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन मिळाले म्हणून भाव मिळाला असे नाही. केंद्राने मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि मुदत वाढवत वाढवत ती मार्च २०२६ पर्यंत नेली. २०२४-२५ या एका वर्षात बारा लाख टनांहून अधिक तूर देशात उतरली. त्याच हंगामात हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये असताना बाजार त्याच्या खाली घसरला आणि राज्य सरकारला वर ४५० रुपये घालून ८,००० ने खरेदी जाहीर करावी लागली. शहरात डाळ महागली की बातमी होते आणि आयातीचे आदेश तातडीने निघतात. गंजात ती पडली, तर समिती नेमली जाते.

ही बाहेरची तूर येते कुठून, तेही पाहावे. मोठा वाटा म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेचा. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावापासून यादवी पेटलेली आहे. मोझांबिकच्या उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून सशस्त्र बंड चालू आहे. त्याच देशात २०२३ च्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या आपसातल्या कोर्टबाजीत भारताकडे निघालेली तूर बंदरात अडकून पडली होती. तिथला शेतकरी आपला शत्रू नाही. तोही दोन-चार एकरांचाच धनी, आणि २०१६ च्या करारात भारताने खरेदीचा भरवसा दिला म्हणून तो तुरीकडे वळला. पुढच्याच वर्षी आपल्याकडे पीक भरघोस आले, दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली आणि त्याचा भाव कोसळला. म्हणजे दिल्लीतला एक आदेश कलबुर्गीच्या आळंद तालुक्यातला शेतकरी बुडवतो, आणि तोच फिरवला की मोझांबिकच्या नांपुलातला. दोन्हीकडे पोटाची बेगमी तुरीवरच. अन्नसुरक्षा म्हणून आपण जिला कवटाळतो, ती अशी एका अशांत मुलखाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेली असते.

भावाच्या बरोबरीने दुसरा घाव जमिनीतून बसला आहे. २०२२-२३ च्या हंगामात कलबुर्गी जिल्ह्यात मर रोगाने उभी तूर वाळली. शेंगा भरायच्या वेळेला रानेच्या राने पिवळी पडली. सरकारने हेक्टरी १०,००० रुपयांची मदत दिली आणि विषय मिटला. पण या रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. त्याच रानात पुन्हा पुन्हा तूरच घेतली की ती फोफावते. आपल्या आजे-पणज्यांनी ज्वारीच्या ओळींत तूर का पेरली, याचे उत्तर पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेतल्या प्रयोगांत चाळीस वर्षांपूर्वीच मिळाले आहे: ज्वारीच्या सोबतीने तुरीची मर लक्षणीय घटते. याच संस्थेने महाराष्ट्रातल्या गावरान तुरीतून निवडलेले ‘मारुती’ वाण १९८६ मध्ये कर्नाटकात आले आणि त्याने या भागाला मोठा आधार दिला. वाण मात्र अमरपट्टा घेऊन येत नाही. ज्वारी रानातून गेली आणि तूर एकटी पडली. ज्वारी जाण्याची कारणे अनेक. काढणीचे कष्ट, पाखरांचा त्रास, सोयाबीनचा रोख पैसा. त्यात एक मोठे कारण रेशनचा तांदूळ हेही आहे. ज्या मुलखात भाकरी हे जेवण आणि भात ही सणाची चैन होती, तिथे सरकारने तांदूळ फुकट दिला आणि ज्वारीला गिऱ्हाईक ठेवले नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे. ती राबवायला गोदाम लागते, स्थानिक खरेदी लागते आणि थोडी इच्छा लागते.

आता शांततेचे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे २०१८ मध्ये २४१७ क्रमांकाचा ठराव करून भूक आणि संघर्ष यांचे नाते मान्य केले. २०२० चा शांततेचा नोबेल जागतिक अन्न कार्यक्रमाला मिळाला. हे वाचून आपल्याला सुदान, येमेन आठवतात. बीदर आठवत नाही. वास्तविक आठवायला हवे. १९४८ च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी केलेले हत्याकांड या भागातल्या जुन्या घरांत अजून सांगितले जाते. सप्टेंबरच्या पोलिस कारवाईनंतर उलटा सूड सुरू झाला, तो त्या मानाने कमी सांगितला जातो. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्या वर्षअखेर हा मुलूख पालथा घातला. संपूर्ण हैदराबाद संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांना बसली, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला. त्या कत्तली भुकेने घडवल्या नाहीत, राजकारणाने घडवल्या. हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण त्यानंतर जे मागे उरले ते भुकेचेच होते: लुटलेली घरे, कर्ता पुरुष गेलेली कुटुंबे, पडीक राहिलेली राने. गोरट्यात स्मारक झाले, मार्च २०२३ मध्ये त्याचे अनावरणही झाले. त्या दोन्ही बाजूंच्या विधवांच्या हाती पुढे जमीन किती राहिली, याचा हिशेब मात्र कोणत्याच सरकारने मांडला नाही.

या भागाबद्दल लिहिताना सामाजिक सलोख्याचे गोडवे गायची एक पद्धत पडून गेली आहे. अष्टूरला अहमदशाह वली बहमनीच्या उरुसाला माडियाळचे जंगम मानाने येतात, हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिक प्रभूंनी सकलमत सांगितले, कलबुर्गीत बंदे नवाजांचा दर्गा आणि शरणबसवेश्वरांचा दासोह एकाच शहरात नांदतात. सगळे खरे आहे. पण २०२२ मध्ये आळंदच्या लाडले मशाक दर्ग्यावरून तणाव पेटला, तेव्हा हा वारसा कोणाला अडवायला धावला नाही. रिकाम्या हातांची पोरे कोणाच्याही मिरवणुकीत सहज सापडतात. अशा पोरांना सांभाळते ती कोरडवाहू रानातून मिळणारी दोन पैशांची शाश्वती. ती नसली की हैदराबाद, पुणे, मुंबईची गाडी.

बीदर आणि भूक यांची गाठ मराठी मनाला नवी नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे खुली केली आणि विठू महार होऊन पांडुरंगाने बीदरच्या दरबारात त्याची भरपाई केली, ही कथा आपण शतकानुशतके ऐकत आलो. भक्तिभाव बाजूला ठेवून पाहिले तर ती एका प्रशासकीय पेचाची कथा आहे. कोठारात धान्य होते, रयत मरत होती आणि कुलूप काढणारा अधिकारी गुन्हेगार ठरत होता. २०२३ मध्ये कर्नाटकाने पैसे मोजून तांदूळ मागितला तेव्हा केंद्राने राज्यांना खुली विक्रीच बंद केली, आणि राज्याला पाच किलोंचे १७० रुपये लोकांच्या खात्यात टाकावे लागले. भरपाई करायला कोणी आले नाही.

उत्तरे शोधायला दूर जायला नको. १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच असलेल्या जहिराबादेत डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित महिला संघांनी १९९० च्या दशकात पडीक जमिनी कसून ज्वारी पिकवली, गावातच साठवली आणि गावातल्याच गरिबांना स्वस्तात वाटली. रेशनची ही गावठी व्यवस्था उभी करणाऱ्या बायांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. या संस्थेला २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. इकडे बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने बचत गटांना कर्ज देण्याचे काम देशातल्या सहकारी बँकांत अगदी आधी सुरू केले. बायांचे गट आहेत, बँक आहे, रान आहे, आणि आता किटच्या रूपाने गिऱ्हाईकही आहे. हे चार एकमेकांना भेटलेले नाहीत, इतकेच.

कल्याण कर्नाटक विभाग विकास मंडळाला वर्षाला ५,००० कोटींची तरतूद होते. त्यातून रस्ते आणि इमारती होतात, होऊ देत. पण काही वाटा होबळीच्या, म्हणजे महसूल मंडळाच्या, गावी गोदामाला, वाळवणीच्या ओट्याला आणि बचत गटांच्या छोट्या डाळ मिलला गेला पाहिजे. ज्वारी-तुरीचे मिश्र पीक घेणाऱ्याला अनुदान द्यावे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मांजरा आणि भीमेच्या पुराने पिके नेली तेव्हा राज्याने नेहमीच्या मदतीवर हेक्टरी ८,५०० रुपये जादा जाहीर केले, पण अशी मदत पहाणीवर, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, नाव असलेल्यालाच मिळते. बटईने करणाऱ्याचे, तांड्यावरून दुसऱ्याच्या रानात राबायला येणाऱ्याचे नाव पहाणीवर नसते. तुटलेला माणूस तोच असतो आणि गाव सोडतो तोही तोच.

महाराष्ट्रानेही याकडे परक्याच्या घरचा प्रश्न म्हणून पाहू नये. सीमावादाच्या ८६५ गावांत भालकी आणि औराद तालुक्यांतली गावे आहेत, हे आपण सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून सांगत आहोत. तिथल्या मराठी शेतकऱ्याची तूर उदगीर-लातूरच्या डाळ मिललाही चालते, हे मात्र आपल्या भाषणांत येत नाही.

किटच्या डाळीची खरेदी कलबुर्गीच्या तूर विकास मंडळामार्फत व्हावी, निविदेत गुलबर्गा तुरीची अट असावी आणि पैसे पंधरा दिवसांत खात्यात पडावेत. खरेदी केंद्राचे कुलूप डिसेंबरच्या अखेरीसच निघायला हवे. दोन एकरवाल्याकडे पोती ठेवायला जागा नसते, उधारी संक्रांतीच्या आत फेडायची असते, आणि केंद्र महिनाभर उशिरा उघडले तर त्याची तूर तोवर आडत्याच्या काट्यावर चढलेली असते.