टॉर्क 'ऑफ' करू नका!

मी पूर्ण कॉन्व्हेंटवाली. मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर रूममेट्स पोट धरून हसल्या. पण विषयच असा आहे की गप्प बसवत नाही. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

माझं घर जळोचीचं. बारामतीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं बघतच मी मोठी झाले. त्यामुळे होस्टेलवर 'आयएल-टू स्टर्मोविक' आलं तेव्हा सबमिशन बाजूलाच राहिलं. आमच्याकडे 2006 ची '1946' आवृत्ती आहे, जुन्या लॅपटॉपवरही मस्त पळते. तिच्या मेनूत 'टॉर्क अँड गायरो इफेक्ट्स' असं एक बटण आहे. फेस्टच्या कमिटीने यंदा नियम केलाय, स्पर्धेत हे बटण ऑफ! कारण काय, तर "टेक-ऑफलाच सगळे आपटतात, मजा जाते."

आपटतात का, ते तरी बघा. इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवतं, तेव्हा विमान स्वतः डावीकडे कलू पाहतं. न्यूटनचा तिसरा नियम, अकरावीचा. शिवाय पंख्याने मागे फेकलेली हवा पिळा घेत शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते आणि नाक डावीकडे वळतं. म्हणून पायाने उजवा रडर द्यावा लागतो.

"पण सेसनात एवढं कुठे होतं?" असं एका सीनिअरने विचारलं. मग आकडेमोड केली. सेसना 152 चं इंजिन 110 हॉर्सपॉवरचं, 2550 आरपीएम. टॉर्क येतो सुमारे 307 न्यूटन-मीटर. स्पिटफायर मार्क वन सुमारे 1000 हॉर्सपॉवरचं, पण गिअरमुळे पंखा जेमतेम 1430 आरपीएमने फिरतो. टॉर्क जवळजवळ 5000! म्हणजे वजन साडेतीन-चार पट, पंखांची लांबी साधारण तेवढीच, आणि टॉर्क सोळा पट. गेम छळत नाही हो, हिशोबच तसा आहे.

डिझायनर लोकांनाही यातून सुटका नव्हती. इटलीच्या माकी 202 चा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे 20 सेंटीमीटर लांब ठेवला होता. मर्लिन इंजिनाची स्पिटफायर डावीकडे ओढायची, ग्रिफन इंजिनाची उजवीकडे, कारण पंखाच उलटा फिरायचा. आपल्या हवाई दलाने 1940 च्या दशकात दोन्ही प्रकार उडवले. सवयीने जुनाच पाय दाबला तर काय होईल, विचार करा. तिथे मेनूत बटण नव्हतं.

आता समोरच्यांचंही थोडं खरं आहे. कीबोर्डवर रडर म्हणजे एकतर पूर्ण, नाहीतर शून्य. खरा पायलट पायाने हलकेच दाबतो, आणि विमान घसरतंय हे त्याला बसल्या जागी अंगाला कळतं. आपल्याला फक्त स्क्रीन. म्हणजे टॉर्क बरोबर असूनही आपली अडचण खऱ्यापेक्षा जास्त. हे मी मान्य करते. पण मग दोष टॉर्कचा की कीबोर्डचा?

म्हणून माझी सूचना : टॉर्क ऑन ठेवा, स्पर्धेआधी दोन दिवस सरावाला द्या आणि रडर पेडल आपणच बनवूया. भंगारातले सायकलचे पेडल, दोन स्प्रिंगा, एक पोटेन्शिओमीटर आणि जुन्या जॉयस्टिकचं सर्किट. वर्कशॉपच्या सरांनी दोन दुपारी दिल्या तर काम होईल. सर, वाचताय ना?

आपण पेपरात 'घर्षण नगण्य माना' लिहून चार वर्षं काढतो. निदान खेळताना तरी काही नगण्य मानायला नको. पहिल्या दिवशी मी नऊ वेळा आपटले. दहाव्यांदा विमान सरळ उडालं, तेव्हा रात्री दीड वाजता अख्खी विंग जागी झाली. रेक्टर मॅडम, त्याबद्दल सॉरी!