जास्तीचे २६ हजार आणि पिंपाची आखूड फळी



एरवी या पानावर मी मेथीची मर, कोथिंबिरीवरची भुरी आणि मार्केट यार्डातला शेकडा यावरच लिहितो. आज टीव्हीवर लिहितोय. हसू नका. दसऱ्याच्या तोंडावर आमच्या घरात या एका गोष्टीवरून आठ दिवस धुसफूस चालली होती. आणि त्यात मला जे कळलं ते खताच्या गोणीलाही लागू पडतंय, म्हणून लिहितो.

आमचा जुना टीव्ही ३२ इंची, २०११ सालचा. पडद्याच्या कडेला काळी पट्टी आली. पोरगा म्हणाला, "आप्पा, आता घ्यायचा तर ५५ इंची, आणि भारीतलाच. परत परत घेतो का आपण?" सूनबाईनं मान हलवली. पोराची आई म्हणाली, "मला काय, मालिका दिसल्याशी कारण." आबा काही बोलले नाहीत, कारण त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

एक दिवस पहाटे यार्डात माल देऊन मी मंडईत थांबलो. पोरगा अकराला आला आणि आम्ही तपकीर गल्लीपासून लक्ष्मी रोडपर्यंत चार-पाच दुकानं पालथी घातली. शेवटी कागदावर तीन आकडे राहिले.

४३ इंची, साधा फोर-के एलईडी : २८,०००
५५ इंची, साधा फोर-के एलईडी : ४२,०००
५५ इंची, भारीतला मिनी-एलईडी : ६८,०००

तिन्ही चांगल्या कंपन्यांचे. प्रश्न एवढाच, की वरचे पैसे कशाचे द्यायचे?

आधी एक हिशेब. टीव्हीचे इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. जमीन आपण तिरकी मोजून घेत नाही, क्षेत्र मोजतो. तसं मोजलं तर ४३ इंचीचा पडदा साधारण ७९० चौरस इंच भरतो आणि ५५ इंचीचा १,२९० च्या पुढं. तिरक्या मापात १२ इंचांचा फरक, पण क्षेत्र दीडपटीपेक्षा जास्त. आता भाव काढा. ४३ इंची पडला चौरस इंचाला ३५ रुपये. ५५ इंची साधा ३२-३३ रुपये. आणि भारीतला ५२-५३ रुपये.

म्हणजे पहिले जास्तीचे १४ हजार हे क्षेत्र वाढवण्याचे होते, आणि ते स्वस्तात मिळत होतं. नंतरचे २६ हजार क्षेत्र वाढवत नव्हते, जमिनीचा कस वाढवत होते. दोन्ही खर्च वेगळे आहेत. दुकानात मात्र दोन्ही एकाच वाक्यात सांगतात.

मग घरी येऊन टेप लावला. दिवाणापासून भिंत ९ फूट, म्हणजे १०८ इंच. जाणकारांचा सर्वसाधारण नियम असा, की बसायचं अंतर पडद्याच्या इंचांच्या दीड पटीपेक्षा थोडं जास्त ते अडीच पट असावं. १०८ ला अडीचनं भागलं तर ४३ येतात, आणि १.६ नं भागलं तर ६७. म्हणजे आमच्या खोलीला ४३ इंची जेमतेम, ५५ इंची मधोमध. ज्यांची खोली सहा-सात फुटांची आहे त्यांनी ४३ इंची घेतला तर काही कमी होत नाही. उगाच शेजाऱ्याचा बघून ६५ इंची आणला तर मान फिरवून बघावं लागेल.

आकाराची आमची गरज आणखी एका कारणानं होती. आबा ८१ वर्षांचे. टीव्हीवर खालच्या पट्टीत जी अक्षरं पळतात ती वाचून त्यांची बातमी चालते. ३२ चा ५५ झाला की अक्षर पावणेदोन पट होतं. हे डोळ्यांना लगेच कळतं, त्याला दुकानदाराच्या साक्षीची गरज नाही.

आता त्या २६ हजारांकडं येऊ.

भारीतल्या पडद्यात मिळतं काय? साध्या एलईडीत पडद्यामागं दिवे असतात आणि पुढचे ठिपके तो उजेड अडवतात किंवा सोडतात. क्यूएलईडी हे नाव मोठं वाटतं, पण मागं दिवा असतोच, फक्त रंग उजळ करणारा एक थर जास्तीचा असतो. मिनी-एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, भागाभागानं मंद होतात, त्यामुळं काळा रंग जास्त काळा दिसतो. ओएलईडीत मागं दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याच्यासारखं चित्र दुसऱ्याचं नाही. हे सगळं खरं आहे. दुकानदार खोटं बोलत नव्हता.

पण तिथंच मला एका प्रशिक्षणात ऐकलेली पिंपाची गोष्ट आठवली. कृषी अधिकारी मंडळींना ती पाठ असेल. लिबिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८४० च्या सुमारास हा नियम लोकांपुढं आणला. पीक सगळ्यात कमी असलेल्या अन्नद्रव्याच्या हिशेबानं वाढतं. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल तर बाकीच्या कितीही उंच करा, पाणी आखूड फळीपर्यंतच राहणार. जस्ताची कमतरता असलेल्या रानात युरिया ओतत राहिलं तर पिकाला नाही, दुकानदाराला फायदा.

टीव्हीचंही पिंप आहे. त्याच्या फळ्या मोजल्या.

पहिली फळी, येणारं चित्र. आमच्याकडं डिशवर बहुतेक वाहिन्या साध्या, चार-दोन एचडी. खरं फोर-के चित्र येतं ते इंटरनेटवरून, आणि त्याला निदान १५ ते २५ एमबीपीएसचा वेग सलग लागतो. आमची मांजरी बुद्रुक २०२१ ला महापालिकेत गेली, वायरचं इंटरनेट आलं, पण पोरगा ते वापरणार रात्री तासभर. बाकी दिवसभर साधी वाहिनी. साधी वाहिनी भारी पडद्यावर लावली की ती भारी होत नाही, उलट तिचे दोष मोठे होऊन दिसतात.

दुसरी फळी, अंतर आणि डोळा. ५५ इंची पडद्यावर साधारण सात फुटांच्या पलीकडून निरोगी डोळ्यालासुद्धा एचडी आणि फोर-केचे ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. आम्ही बसतो ९ फुटांवर. आबांचा तर मोतीबिंदू काढलेला.

तिसरी फळी, उजेड. आमचं दार दिवसभर अंगणाकडं उघडं. काळ्या रंगाची खरी शोभा अंधारात. इथं मी पोराचं एक म्हणणं मान्य करतो. उजेडाच्या खोलीत मिनी-एलईडीचा प्रखरपणा खरंच उपयोगी पडतो, दुपारचा सामना बघायला फरक जाणवतो. पण तो फरक मी ६०० रुपयांचा जाड पडदा दाराला लावूनही बराचसा मिळवला.

चौथी फळी, आवाज. हल्लीचे टीव्ही पातळ. स्पीकर मागं नाहीतर खाली तोंड करून बसवलेले. ६८ हजारांच्या टीव्हीचाही आवाज आमच्या जुन्या डबड्यापेक्षा फार सरस वाटला नाही. मग ते म्हणतात साउंडबार घ्या. म्हणजे आणखी एक गोणी.

दुकानात जे दिसतं त्याबद्दलही बोलतो. बियाणं कंपनीचा प्रात्यक्षिक प्लॉट आपण बघितलाय. निवडक जमीन, निवडक पाणी, कडेला फलक. दुकानातला टीव्ही तसाच. खास काढलेलं चित्र, रंग आणि प्रखरपणा शेवटपर्यंत चढवलेला. मी म्हणलं, "दादा, आमच्या डिशवरची बातम्यांची वाहिनी लावा आणि रंग साध्या सेटिंगला आणा." त्यानं लावली. ४२ हजारांच्या आणि ६८ हजारांच्या टीव्हीत फरक उरला, नाही असं नाही. पण तो ९ फुटांवरून मला २६ हजारांचा दिसेना.

२६ हजार म्हणजे किती? शेकड्याला ८०० रुपये भाव धरला तर कोथिंबिरीच्या ३,२५० जुड्या. त्यातून काढणीची मजुरी आणि गाडीभाडं वजा केलेलं नाही. पोराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही प्रत्येक गोष्ट जुडीत मोजता." मोजतो. कारण पैसा तिथून येतो.

तो पुढं म्हणाला, "हप्ता बिनव्याजी आहे, महिन्याला कळणारपण नाही." इथं सगळ्यांनी सावध राहावं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. दुकानात आधी रोखीचा शेवटचा भाव विचारा, मग हप्त्याची सगळी बेरीज प्रक्रिया शुल्कासकट करा. दोन्हींतला फरक म्हणजे व्याज. पीक कर्जाचं व्याज आपण पैशापैशानं मोजतो आणि टीव्ही घेताना फक्त हप्ता बघतो.

कराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लोक म्हणतात दहा टक्के स्वस्त झाला. नाही. १२८ ची वस्तू ११८ ला आली, म्हणजे शंभराला पावणेआठ रुपये. चांगलंच आहे, पण ते वाचले म्हणून वरचा टीव्ही घ्यायचा, हे खत स्वस्त झालं म्हणून मात्रा वाढवण्यासारखं आहे.

आम्ही शेवटी ५५ इंची साधा घेतला, रोखीनं. पोरगा दोन दिवस नीट बोलला नाही.

आता आबांची गोष्ट. नवा टीव्ही लागला, अक्षरं मोठी दिसली, आबा खूश. पण आवाज त्यांनी पहिल्यासारखाच ६० वर नेला. नात अभ्यास सोडून कानावर हात ठेवून बसली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या पिंपातली सगळ्यात आखूड फळी पडदा नव्हतीच, आबांचा कान होता. चार वर्षं आम्ही "आबांना कमी ऐकू येतं" म्हणत होतो आणि आवाज वाढवत होतो. त्याच आठवड्यात पुण्यात कान तपासून घेतला आणि २२ हजारांचं कानाचं मशीन एका कानाला बसवलं. ज्या पैशात काळा रंग आणखी काळा दिसणार होता, त्या पैशात आता आवाज २५ वर असतो. मशीन ते दिवसभर घालत नाहीत, शिट्टी वाजते म्हणून दुपारी काढून ठेवतात. पण संध्याकाळी बातम्यांना घालतात, आणि नातीशी बोलतातही.

सिंहगडावरच्या केंद्रामुळं पुण्याला १९७३ साली मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं. आमच्या लहानपणी गल्लीत एकच टीव्ही, काळापांढरा. 'आमची माती, आमची माणसं' बघायला अर्धी गल्ली तिथं. चित्राला मुंग्या यायच्या, तरी त्यातली माहिती दुसऱ्या दिवशी रानात जायची. मी जुनं ते सोनं म्हणणारा नाही, आताचं चित्र शंभर पटीनं चांगलं आहे. पण बघणाऱ्याला कळलं का, हा प्रश्न तेव्हाही पडद्यापेक्षा मोठा होता.

म्हणून माझं मत असं. मोठ्या पडद्याचे जास्तीचे पैसे खोलीत अंतर असेल, घरात म्हातारे डोळे असतील तर द्या, ते वसूल होतात. भारी पडद्याचे जास्तीचे पैसे तुम्ही अंधार करून रोज सिनेमे बघत असाल, पोरं गेम खेळत असतील, इंटरनेट दमदार असेल तर द्या, त्यांच्यासाठी ते योग्यच आहेत. बाकीच्यांनी आधी आखूड फळी शोधावी.

निघण्याआधी चार गोष्टी करा. घरी टेप लावा. दुकानात आपलीच वाहिनी लावायला सांगा. बाजूला सरकून बघा, कारण काही पडद्यांचा रंग तिरक्या बाजूनं फिका पडतो आणि आपल्या घरी सगळे समोर बसत नाहीत. आणि डोळे मिटून नुसता आवाज ऐका.

पोराचं म्हणणं अजून आहे, की पाच वर्षांनी सगळंच फोर-के येईल आणि मी पस्तावेन. येईल कदाचित. तेव्हा तो पडदाही स्वस्त झालेला असेल, असं माझं म्हणणं. तुमच्या घरी काय झालं ते खाली लिहा. हिशेबात कुठं चुकलो असेन तर जाणकारांनी कान धरावा.

उद्या मेथीच्या दुसऱ्या वाफ्याचे फोटो टाकतो. मर थांबलीय.