कर्जाचे इमले

छत्रपती संभाजीनगरच्या भूमीला आज भाव आला आहे, याचा आनंद आम्हांसही आहे. शेंद्रा-बिडकीन येथे 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी उभी राहत आहे, टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला आणि समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. मराठवाड्याने ज्या दिवसांची दीर्घकाळ वाट पाहिली, ते दाराशी आले आहेत. तथापि या आशेबरोबर एक निराळे वारेही शहरात शिरले आहे. त्याविषयी वेळीच बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

राहण्यासाठी कर्ज काढून घर घेणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. कर्जाखेरीज घर करू म्हटले, तर पगारदार माणसाचा जन्म भाड्याच्या खोलीतच सरेल. आमचा रोख आहे तो, केवळ भाव चढेल या भरवशावर दुसरा फ्लॅट वा भूखंड उसन्या पैशाने घेण्याच्या वृत्तीकडे.

यातील हिशेब शाळकरी मुलासही कळेल असा आहे. चाळीस लाखांच्या फ्लॅटसाठी पदरचे दहा लाख घातले आणि तीस लाख कर्ज काढले, असे समजा. भाव दहा टक्क्यांनी चढला तर चार लाख मिळाले, म्हणजे दहा लाखांवर चाळीस टक्के नफा! दलाल एवढेच सांगतो. साडेआठ टक्के दराने पहिल्याच वर्षी व्याजापोटी अडीच लाख जातात, हे तो सांगत नाही. आणि भाव दहा टक्क्यांनी उतरला तर पदरच्या पुंजीतले चार लाख बुडतात, हेही सांगत नाही. भाडे येईल म्हणावे, तर ते बहुधा हप्त्याच्या निम्म्यासही पुरत नाही.

शिवाय व्याजाचा दर कर्जदाराच्या हाती नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. तीस लाखांच्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जाचा दर सात टक्क्यांवरून साडेनऊवर गेला, तर महिन्याचा हप्ता सुमारे २३,२५० रुपयांवरून २७,९५० वर जातो. पुढे दर उतरलेही. पण जो उतरतो तो चढूही शकतो. पगार मात्र दहा महिन्यांत असा वाढत नाही.

भूखंडांची कथा अधिक करुण आहे. मंजूर रेखांकन नसलेल्या जमिनीवर बँक गृहकर्ज देत नाही; मग कामगार सोने गहाण टाकतो किंवा चढ्या व्याजाने वैयक्तिक कर्ज उचलतो. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये झाला; तरीही २०२१ मध्ये त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. यातच सर्व आले. जायकवाडीसारखा जलाशय जवळ असून ज्या शहराने नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे दिवस मोजले, तेथे रस्ता व जलवाहिनी नसलेल्या गुंठ्याचा भाव कशाच्या बळावर चढावयाचा?

दोष एकट्या ग्राहकाचा नाही. बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच कर्जाची रक्कम द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. त्याचे पालन काटेकोर व्हावे. मंजूर रेखांकनांची यादी महापालिकेने प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात ठळकपणे लावावी. ग्राहकानेही सही करण्यापूर्वी महारेराची नोंदणी, सात-बारा आणि अकृषिक आदेश स्वतः पाहावेत, आणि सहा महिन्यांचे हप्ते गाठीशी नसतील तर सही करूच नये.

शहर वाढावे, ही आमचीही इच्छा आहे. परंतु ते कारखान्यांनी, पाण्याने आणि नांदत्या घरांनी वाढते. कुलूप लावलेल्या फ्लॅटांनी नव्हे. भाव कोसळला तर दलाल दुसऱ्या गावी जाईल. हप्ता मात्र दर महिन्याला त्याच दाराशी येईल.