एक कोयता, दोन माणसे

दसरा उलटला, की बीड जिल्ह्यातील धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रकांत आणि ट्रॅक्टरच्या जोडगाड्यांत संसार चढतो: पीठमीठ, सरपण, शेळी, तान्हे मूल आणि कोयता. मागे राहतात ती म्हातारी माणसे व त्यांच्या गळ्यात पडलेली शाळकरी नातवंडे. १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटाच्या या कोरडवाहू पट्ट्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जाणारी वाट पक्की रुळली. दरवर्षी या वाटेविषयी हळहळ व्यक्त होते. आम्हांस येथे हळहळीत भर घालावयाची नाही. एका हिशेबाकडे तेवढे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

ज्या वस्तूची वा श्रमाची गरज मोठी, तिचे मोलही मोठे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ऊसतोडीइतकी निकडीची गरज दुसरी क्वचितच असेल. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही, तर वजन घटते आणि उतारा पडतो. म्हणून फडातून गव्हाणीपर्यंतची सारी साखळी रात्रंदिवस पळत असते. टोळ्या आल्या नाहीत, तर कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री थंड पडून राहील. असे असता या श्रमाचे मोल कसे मोजले जाते? तर ‘कोयत्या’वर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मनुष्य आला, तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यामागे, हिशेब कोयत्याचा आणि हिशेबाच्या वहीत नाव बहुधा पुरुषाचे. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढविणारी आणि रात्री कोपीत पुन्हा चूल पेटविणारी स्त्री या वहीत नाहीच. ती कोयत्याचा अर्धा भाग आहे. अर्धा कोयता पूर्ण व्हावा म्हणून हंगामाच्या तोंडावर कोवळ्या मुलींची लग्ने उरकली जातात, हेही या जिल्ह्यात कोणापासून लपलेले नाही.

आता याच शेतातील उसाकडे पाहा. उसाची किमान किंमत केंद्र सरकार प्रतिवर्षी ठरविते. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास ती टनामागे ३,४०० रुपये होती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये ही रक्कम चौदा दिवसांत चुकती करावयाची आणि विलंब झाल्यास तीवर १५ टक्के व्याज द्यावयाचे. उताऱ्याचा दशांश भागही बिलात उमटतो. शेतकऱ्याने हे संरक्षण झगडून मिळविले आहे व ते योग्यच आहे. परंतु ऊस तोडणाऱ्याच्या मजुरीला असा कोणताही आदेश नाही. तिचा दर साखर संघ व कामगार संघटना यांच्या वाटाघाटींत, बहुतेक वेळा संप झाल्यानंतर आणि नेत्यांच्या मध्यस्थीने ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली, आणि टनामागे पावणेतीनशेच्या आसपास असलेला दर साडेतीनशेच्या पुढे गेला. म्हणजे वाढीनंतरही तो उसाच्या किमतीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा, आणि तोही दोघांत.

बरे, ही मजुरी देतो कोण? कारखाना तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वळता करून घेतो. म्हणून मजूर आपला नव्हे, असे तो म्हणतो. शेतकऱ्याने मजुरास बोलावलेले नसते. टोळी कारखान्याने पाठविलेली असते. कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवितो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम तर स्वतःच उचलीच्या ओझ्याखाली वाकलेला. इतक्या हातांतून पैसा फिरतो, पण मालक म्हणून एकही हात वर होत नाही.

या व्यवस्थेत खाडा परवडत नाही. पाळी असो, ताप असो वा सातवा महिना असो, काम चुकले, की दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत कपात होते आणि उचलीची फेड पुढील हंगामावर जाते. फडाशेजारी शौचालय नाही, पुरेसे स्वच्छ पाणी नाही, विसाव्याचा दिवस नाही. त्यातून अंगावर काढलेली दुखणी गावी परतल्यावर खाजगी दवाखान्यात जातात, तेथे कर्करोगाची भीती घातली जाते आणि पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारनेच सांगितले, की बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे सर्वेक्षण आले, त्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. सहा स्त्रियांमागे एक. आणि त्यांतील अनेकींची चाळिशीही उलटलेली नव्हती. यानंतर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक ठरविण्यात आली. उपाय चांगला खरा. पण तो दवाखान्याच्या दाराशी योजलेला आहे. जी गरज त्या स्त्रीला फडात होती, ती एक आडोसा, हंडाभर पाणी आणि पाळीच्या दोन दिवसांची भरपगारी रजा एवढीच होती. तिची किंमत काढावयास कोणी बसले नाही.

काहींचे म्हणणे असे, की आता तोडणी यंत्रे येत आहेत, तेव्हा हा प्रश्न आपोआप मिटेल. यंत्रांस आमचा विरोध नाही. पाठीचा कणा मोडणारे काम यंत्राने केले तर आनंदच. परंतु यंत्र घेण्यासाठी शासन अनुदान देते, तसे ज्यांचे काम यंत्र हिरावून घेईल त्यांच्यासाठी काय योजिले आहे? गरज सरो आणि वैद्य मरो, असाच हा न्याय दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना निश्चित मालक नाही, जे आज या धन्याकडे आणि उद्या त्या धन्याकडे, अशांना कायद्याच्या चौकटीत बसविणार कसे? हाच प्रश्न मुंबईच्या गोदीत व बाजारपेठांत ओझी वाहणाऱ्या हमालांविषयी विचारला जात असे. अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना उभारली, १९६९ मध्ये कायदा झाला, आणि मालक निश्चित नसला तरी मंडळ निश्चित करता येते, हे महाराष्ट्राने सिद्ध करून दाखविले. मालाचा धनी मजुरी व तीवरील अधिभार मंडळाकडे भरतो. नोंद झालेल्या कामगारास मंडळातून वेतन, भविष्यनिर्वाह निधी व उपदान मिळते. हे करून दाखविणारे राज्य हेच होते. दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप देणारे आणि त्या योजनेसाठी १९७५ पासून नगरवासी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेणारेही हेच. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या वेतनचिठ्ठीवर तो कर आजही दर महिन्यास वजा होतो. काम ही गरज आहे आणि ती भागविण्याचा खर्च सर्वांनी उचलावा, हे त्या काळी येथल्या मध्यमवर्गाने फारशी कुरकुर न करता मान्य केले होते.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये व शासनाने तितकेच द्यावेत असे ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. तथापि हे सारे कल्याण आहे, नियमन नव्हे. वसतिगृहात मूल राहील. त्याच्या आईचे नाव वहीत यावयाचे ते राहीलच.

जानेवारी २०२४ चा दरकरार तीन वर्षांपुरता आहे. पुढील वाटाघाटींस बसणारे टक्क्यांवर घासाघीस करतील, आणि त्यांनी ती करावीच. परंतु त्याच मेजावर तीन गोष्टी ठेवल्या गेल्या पाहिजेत: माथाडी मंडळाच्या धर्तीवर नोंदणी व वेतनवाटप, चौदा दिवसांचा जो नियम उसास तोच मजुरीस, आणि कोयत्याच्या जागी दोन नावे, दोन बँक खाती, दोन स्वतंत्र रकमा. यांतील तिसऱ्या गोष्टीस कारखान्यांना एक रुपयाही अधिक खर्च येणार नाही. तीच सर्वांत आधी मान्य होते की नाही, हे आम्ही पाहणार आहोत.