मीटर बंद, वाट चालूच

खातेवहीत एखाद्या दिवसाची नोंद राहून गेली, म्हणून त्या दिवशी व्यवहारच झाला नाही असे कोणी म्हणत नाही. व्यवहार झालेला असतो. फक्त त्याचा पुरावा हरवलेला असतो. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे नव्याने सांगावे लागत नाही. तरीही हा साधा धडा मला निवृत्तीनंतर पुन्हा गिरवावा लागला, आणि तोही परदेशात, एका जुन्या मोटारीखाली सतरंजी अंथरून पडलेल्या अवस्थेत.

माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो. त्याने तेथे १९७२ सालची ‘एमजीबी’ ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार हौसेने विकत घेतली आहे. अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत असे आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. कापडी छत, १७९८ घन सेंटिमीटरचे साधे इंजिन आणि समोर घड्याळांसारखी काळी गोल मीटरे, असा तिचा थाट.

मी तेथे गेलो तेव्हा या गाडीची वेगदर्शकाची केबल, आपल्याकडे जिला सरसकट ‘मीटरची केबल’ म्हणतात ती, तुटलेली होती. काटा शून्यावर स्वस्थ आणि मैलांचे आकडे जागच्या जागी. मी विचारले, ‘‘दुरुस्त का करीत नाहीस?’’ मुलगा हसून म्हणाला, ‘‘बाबा, वेग मोबाईलवर दिसतो. आणि मैल वाढत नाहीत हे एका परीने बरेच आहे. उद्या विकताना गाडी कमी चाललेली दिसेल.’’

तो थट्टेने बोलला हे मला ठाऊक होते. तरी ते वाक्य मनातून जाईना. ज्याला मी लहानपणी पासबुकातली प्रत्येक ओळ पडताळून पाहायला शिकवले, तोच न चाललेल्या आकड्याला नफा समजू लागला होता. त्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून केबल बदलायचे ठरविले.

या यंत्राची रचना समजून घेण्याजोगी आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या भागातील एक लहानसा दाता चाकांच्या गतीच्या प्रमाणात फिरतो. त्याला जोडलेली, पोलादी तारांना पीळ देऊन केलेली लवचिक दोरी एका नळीतून थेट मीटरपर्यंत जाते. मीटरमध्ये ही दोरी एक चुंबक फिरविते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. परंतु फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाह निर्माण होऊन ती ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावतो तो आपला वेग. ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले. मैलांचे आकडेही त्याच दोरीवर, दात्यांच्या साहाय्याने पुढे सरकतात. म्हणजे दोरी एक, कामे दोन : आत्ताचा वेग सांगणे आणि आजवरचा हिशेब ठेवणे.

मुलाच्या गाडीच्या मीटरवर बारीक अक्षरांत १२८० हा आकडा होता. एका मैलाला दोरीचे १२८० फेरे, असा त्याचा अर्थ. दहा हजार मैलांना एक कोटी अठ्ठावीस लाख फेरे झाले! पेन्सिलीहून बारीक असलेल्या त्या दोरीने इतके कष्ट उपसल्यावर ती थकली, यात नवल नाही.

मात्र ‘तुटली, बदलून टाकली’ एवढ्यावर थांबणे म्हणजे बुडीत कर्जाचे कारण न शोधताच नवे कर्ज मंजूर करण्यासारखे आहे. केबल बहुधा विनाकारण तुटत नाही. वंगण सुकलेले असते, नळीला कोठेतरी तीव्र वळण पडलेले असते, किंवा मीटरच आतून जड झालेले असते. तुटण्याआधी काटा थरथरतो, टिकटिक आवाज येतो. आपण तिकडे दुर्लक्ष करतो. आम्ही तुटलेल्या दोरीचा छोटा तुकडा मीटरच्या चौकोनी खाचेत घालून बोटांनी हलकेच फिरविला. मीटर मोकळे होते. ते अडकलेले असते, तर नवी केबलही आठवडाभरात तुटली असती.

दोष अखेर नळीच्या वळणात सापडला. पूर्वी कोणीतरी केबल बसविताना ती इतर तारांच्या मागून दाबून नेली होती. सहा इंच त्रिज्येपेक्षा तीव्र वळण या नळीला देऊ नये, हा जुना नियम. येथे ते जेमतेम तीन इंचांचे होते.

पुढचे काम अवघड नव्हते, चिकाटीचे होते. प्रथम आसनांमागे ठेवलेल्या दोन सहा-व्होल्टच्या बॅटऱ्यांची जोडणी सोडविली. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारांवर टेकविली. या बाबतीत काटकसर जिवावर बेतते. मीटरमागचे खाचेरी नट हाताने सैल केले. तुटलेल्या दोरीचा खालचा भाग गिअरबॉक्सच्या बाजूने काढावा लागला, तेव्हा थोडे तेलही ओघळले. नवी केबल मागविताना गाडीला ‘ओव्हरड्राइव्ह’ आहे की नाही, हे पाहावे लागते. लांबीत फरक पडतो. दोरीला वंगण पातळसे लावले, पण मीटरकडची सुमारे आठ इंच कोरडी ठेवली. कारण जास्तीचे वंगण फिरत्या दोरीवरून वर चढून मीटरमध्ये शिरते आणि काटा खोटे बोलू लागतो. नळी मोठ्या, सैल वळणाने नेली. संध्याकाळी गाडी रस्त्यावर काढली, तेव्हा काटा थरथर न करता वर चढला. चिरंजिवांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. केबल तुटल्यापासून गाडी चालली किती?

ब्रिटनमध्ये मोटारींची ‘एमओटी’ नावाची वार्षिक तपासणी होते आणि त्या वेळी मैलांचा आकडाही नोंदला जातो. परंतु मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. गाडी सुस्थितीत ठेवण्याची आणि वेगदर्शक चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते. मैलांची दरसाल नोंद करणारा त्रयस्थ मात्र राहत नाही. त्यातच या गाडीच्या मीटरवर पूर्ण मैलांचे आकडे पाचच. एक लाख मैल झाले की ते पुन्हा शून्यापासून सुरू होतात. चौसष्ट हजार दिसतात, ते चौसष्ट की एक लाख चौसष्ट, हे मीटर सांगत नाही. जुने कागद सांगतात. कागद नसतील, तर मालकाचा शब्द सांगतो.

मोबाईल वेग सांगतो, हे खरे. तेवढ्यापुरती मुलाची बाजू मी मान्य केली. पण गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे मोबाईल जात नाही, मीटर जाते. शिवाय तेल कधी बदलायचे, ब्रेक कधी तपासायचे, हे सारे मैलांच्या हिशेबाने ठरते. हिशेब थांबला की देखभालही आळसावते.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. चेतक स्कूटरची पुढच्या चाकावरून येणारी केबल किंवा पद्मिनीच्या मीटरची केबल तुटून वर्ष-वर्ष तशीच राहिलेली आपण पाहिली आहे. बडोद्याला असताना माझी स्वतःची स्कूटर दीड वर्ष शून्याच्या काट्याने धावत होती. हे येथे कबूल केलेले बरे. जुने वाहन घेणारा माणूस मीटरवरील आकड्यावर विश्वास ठेवून किंमत मोजतो. अनेकदा त्यासाठी कर्ज काढतो. तो आकडा खोटा निघाला, तर फसवणूक यंत्राची नसते, माणसाची असते. आणि हप्ते फेडत बसतो तो तिसराच.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, मीटर बंद पडणे हा दोष नाही. ते लपविणे हा दोष आहे. केबल तुटली तर लवकर बदलावी. तोवरचा प्रवास अंदाजाने का होईना, लिहून ठेवावा. जुने वाहन घेताना मीटरपेक्षा देखभालीची वही आधी मागावी.

त्या रात्री मुलाने पेट्रोलच्या पावत्या काढल्या. एकूण साठ लिटर भरले होते. लिटरला पावणेसहा मैल धरता सुमारे साडेतीनशे मैल झाले. गाडीच्या वहीत त्याने लिहिले : केबल तुटल्याचा दिवस, तेव्हाचा आकडा, न नोंदलेले अंदाजे ३५० मैल, नवी केबल बसविल्याची तारीख. खाली सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवून म्हणाला, ‘‘बाबा, पडताळणीची सही तुमची.’’

नोकरीत हजारो सह्या केल्या. या सहीला मात्र मी जरा अधिक वेळ घेतला.

(लेखक बँकेचे निवृत्त अधिकारी आहेत.)