अवजारे बँकेचे गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी का परतत नाही?

नांगरट, चिखलणी, कापणी व मळणी ही कामे भाड्याने करून देणे हा सावली तालुक्याच्या धानपट्ट्यात आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. गावोगावच्या बैलजोड्या कमी झाल्या आहेत व ऐन हंगामात मजुरांची चणचण भासते. अशा स्थितीत एक-दोन एकरांच्या धन्याने स्वतःचा ट्रॅक्टर बाळगणे व्यवहारात बसत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे ३.३ एकर आहे. एवढ्याशा जमिनीवर यंत्राचा खर्च निघू शकत नाही. ते अनेकांच्या बांध्यांतून फिरले तरच त्याची किंमत वसूल होते. याच विचाराने केंद्र शासनाने २०१४-१५ मध्ये कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान हाती घेऊन अवजारे बँकांना व भाडे केंद्रांना अनुदान देण्यास आरंभ केला.

तथापि यंत्र गावात आले म्हणजे काम पूर्ण झाले, असे मानणे चुकीचे ठरेल. पहिल्या वर्षी केंद्रापुढे गर्दी होते, दुसऱ्या वर्षी ती ओसरते, आणि तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टर बांधीपेक्षा वाहतुकीच्या कामावरच अधिक दिसू लागतो, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. यात गटाचे नुकसान आहेच. परंतु ज्याने केंद्राच्या भरवशावर आपली बैलजोडी विकली त्या लहान शेतकऱ्याचे नुकसान त्याहून मोठे आहे. केंद्र बंद पडले की त्याला कोणताच आधार राहत नाही.

दराचे कारण अपुरे आहे

गिऱ्हाईक का तुटले, असे विचारले असता केंद्रचालक बहुधा दराकडे बोट दाखवितात. बाहेरून येणारी कापणीयंत्रे स्वस्तात काम करतात, खाजगी ट्रॅक्टरवाले भाव पाडतात, असे त्यांचे म्हणणे असते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु जो शेतकरी पहिल्या वर्षी तोच दर देऊन काम करवून घेतो, तो दुसऱ्या वर्षी त्याच दराला महाग का म्हणतो, याचा उलगडा त्यातून होत नाही. वस्तुतः पैशाबरोबर दिलेला शब्द पाळला गेला नाही, म्हणजेच दर महाग वाटू लागतो.

भाड्याच्या यंत्राचा प्रयोग आपल्या देशात नवा नाही. स्वातंत्र्यानंतर कांसाने व्यापलेल्या जमिनी फोडण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काम करीत असे, आणि त्या यंत्रांच्या खरेदीसाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज घेण्यात आले होते. परंतु त्या कामात व आजच्या कामात एक मूलभूत अंतर आहे. कांसाची जमीन खोल नांगरून मोकळी झाली की यंत्र पुढच्या गावाला जाई. धानाची चिखलणी, कापणी व मळणी मात्र दरवर्षी करावी लागते. यास्तव या व्यवसायाचे खरे भांडवल यंत्र नसून पुन्हा बोलावणारा शेतकरी होय. समजा, एका केंद्राकडे ५० शेतकरी आहेत व दरवर्षी त्यांपैकी पाचवा हिस्सा तुटतो. पहिल्या वर्षाअखेर ४०, दुसऱ्या वर्षाअखेर ३२, आणि तिसऱ्या वर्षाअखेर जेमतेम २५-२६ शेतकरी उरतील. नवे गिऱ्हाईक मिळविण्याची धडपड करणाऱ्या चालकाने ही गळती प्रथम मोजली पाहिजे.

वेळ चुकली की काम वाया

धानाच्या शेतीत वेळेला विशेष मोल आहे. पऱ्हे साधारणपणे २० ते २५ दिवसांचे झाले की हलक्या धानाची रोवणी उरकावी लागते. रोप जून झाले की फुटवे कमी येतात. पाऊस पडला, अथवा आसोलामेंढा तलावाच्या कालव्याला पाणी सुटले, की त्या भागातील सर्वांची चिखलणी एकाच आठवड्यात निघते. अशा वेळी केंद्रचालक कोणालाच नाही म्हणत नाही. तो दहा जणांना ‘उद्या येतो’ असे सांगतो आणि तिघांकडे पोहोचतो. उरलेल्या सात जणांनी रोवणीसाठी बाया सांगितलेल्या असतात, पऱ्हे उपटून ठेवलेले असतात. त्यांची मजुरी वाया जाते आणि रोपही सुकते. त्यांना स्पष्टपणे ‘परवा दुपारी’ असे सांगितले असते, तर त्यांनी त्याप्रमाणे तजवीज केली असती. उशिराचा खरा वायदा शेतकऱ्याला चालतो. लवकरचा खोटा वायदा त्याला परवडत नाही.

या तालुक्यात वेळेच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सावली परिसरातील अनेक शेते जंगलाला लागून आहेत आणि वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावल्याच्या दुःखद घटना या भागात घडलेल्या आहेत. दुपारचे सांगितलेले यंत्र दिवेलागणीला आले, तर जंगलकाठच्या बांधीत वाट पाहत बसणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येतो. अशी शेते दिवसाउजेडी प्रथम उरकणे आणि गावालगतची शेते सायंकाळसाठी ठेवणे, एवढी साधी व्यवस्थाही पुष्कळ केंद्रांत आढळत नाही.

शेत सोडताना काय मागे राहते?

दुसरे कारण कामाच्या शेवटाशी निगडित आहे. ट्रॅक्टर बांधीत उतरविण्यासाठी धुरा फोडावा लागतो. काम संपल्यावर चालक निघून जातो आणि धुरा तसाच राहतो. रात्री पाणी वाहून जाते व सकाळी शेतकऱ्याला चिखलाऐवजी घट्ट होऊ लागलेली माती दिसते. कोपरे सुटतात, तेथे कुदळीने काम करावे लागते. घाईत एका बाजूस खोल व दुसऱ्या बाजूस उथळ चिखलणी होते, बांधी सपाट राहत नाही आणि पुढे पाणी व खत सारखे पसरत नाही. चालकाच्या दृष्टीने या किरकोळ बाबी आहेत. शेतकऱ्याला मात्र त्या रोवणीपासून कापणीपर्यंत चार महिने डोळ्यांसमोर दिसतात.

कापणी-मळणीतही हेच घडते. बारीक धानाची आवड या जिल्ह्याला जुनी आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेले एचएमटी वाण याच मातीत घडले. अशा धानाला मळणीयंत्राच्या पंख्याचा व ढोलाचा वेग योग्य नसेल, तर दाणा फुटतो किंवा तणसाबरोबर उडून जातो. कापणीयंत्राने काढलेल्या धानात ओलावा अधिक असतो, आणि आधारभूत खरेदीत तो १७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. ही गोष्ट कापणीपूर्वी सांगितली तर शेतकरी धान वाळविण्यासाठी खळ्याची सोय करतो. न सांगितल्यास धान केंद्रावरून परत येते आणि दोष यंत्राच्या माथी बसतो.

उभ्या धानात लाखोळी पेरण्याची उतेरा पद्धत येथे रूढ आहे. ओल्या बांधीत जड यंत्राची चाके फिरली की तिचे कोवळे रोप दबते. शिवाय यंत्राने कापलेल्या धानाचे तणस विखुरते आणि बरेचसे बुडख्यासह उभे राहते. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत त्याला ही हानी मोठी वाटते. ‘तुमच्या बांधीत लाखोळी आहे, येथे हाताने कापणी करून केवळ मळणी यंत्राने करावी’ असे सांगणाऱ्या चालकाला त्या दिवशी एका एकराचे भाडे सोडावे लागेल. परंतु असा सल्ला मिळालेला शेतकरी मळणीसाठी त्याच्याकडेच येईल, आणि पुढील वर्षी चिखलणीसाठीही येईल.

हिशेब आणि मौन

तिसरे कारण हिशेबाचे. कोठे ताशी, कोठे एकरी, तर कोठे कट्ट्यामागे भाडे आकारले जाते. ताशी भाड्यात यंत्र बिघडून उभे राहिलेला वेळ कोणाच्या खाती, हे आधी ठरत नाही. एकरी भाड्यात सातबाऱ्यावरील क्षेत्र धरावे की धुरे वगळून प्रत्यक्ष बांधीचे, यावर वाद होतो. काम झाल्यावर डिझेलच्या वाढत्या दराचे कारण सांगून ठरल्यापेक्षा अधिक रक्कम मागितली जाते. रक्कम थोडीच असते. पण फसवणूक झाल्याची भावना मनात राहते.

चौथे कारण सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकू येत नाही. नाराज शेतकरी सहसा तक्रार करीत नाही. गटातील माणसे त्याच्याच गावची, नात्यागोत्यातील असतात. भिडेपोटी तो गप्प राहतो आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याला सांगून मोकळा होतो. चालक मात्र तक्रार नाही म्हणजे समाधान आहे, असे समजून चालतो.

अर्थात दोष एकाच बाजूचा नसतो. एकाच वेळी दोन यंत्रे सांगून ठेवणे, आधी येईल त्याला काम देऊन दुसऱ्यास परत पाठविणे, धान विकल्यानंतरही महिनोन्‌महिने भाडे थकविणे, या सवयी शेतकऱ्यांनीही सोडल्या पाहिजेत. उधारीत बुडालेल्या केंद्राकडून वेळेवर दुरुस्ती झालेल्या यंत्राची अपेक्षा करता येत नाही.

काय करता येईल?

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात १९५८ मध्ये शेतकऱ्यांनी परस्परांना यंत्रे पुरविणारे पहिले मंडळ स्थापन केले. पुढे अशी मंडळे त्या देशभर पसरली. त्यांतून घेण्याजोगा धडा साधा आहे: कोणाचे यंत्र कोणाकडे केव्हा जाईल याची जुळवाजुळव करणारा माणूस आणि सर्वांना ठाऊक असलेला दर, या दोन गोष्टी यंत्राइतक्याच आवश्यक आहेत.

आपल्याकडील केंद्रांनाही यासाठी नव्या अनुदानाची गरज नाही. एक जाड वही पुरेशी आहे. तीत मागणीची तारीख, शेताचे ठिकाण, धानाची जात व दिलेली वेळ लिहावी, आणि वेळ बदलल्यास आदल्या सायंकाळी शेतकऱ्याला फोनवरून कळवावे. दरपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे व बिघाडाच्या वेळेचा नियमही त्यात नमूद करावा. काम संपल्यावर चालकाने धन्यासह बांधीला एक फेरा मारावा, फोडलेला धुरा बांधून द्यावा आणि मगच भाडे स्वीकारावे. ज्येष्ठ महिन्यात, मृगापूर्वी, गतवर्षी आलेले परंतु यंदा न आलेले शेतकरी वहीतून काढून त्यांच्या घरी जावे व कारण विचारावे. उत्तर कडू असले तरी तेच ऐकण्याजोगे असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम येथे विशेष महत्त्वाचे आहे. किती अवजारे वाटली, किती केंद्रे स्थापन झाली, हे आकडे अहवालात नेहमी येतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: गेल्या वर्षीच्या शेतकऱ्यांपैकी किती जण यंदा त्याच केंद्राकडे परत आले? या एका आकड्यावरून केंद्राची प्रकृती जितकी समजेल, तितकी ती यंत्रांच्या यादीवरून समजणार नाही. हा आकडा घसरू लागल्याचे वेळीच लक्षात आले, तर कार्यकर्ता तुटलेल्या शेतकऱ्याची भीड मोडून त्याचे गाऱ्हाणे केंद्रापर्यंत पोहोचवू शकेल, आणि थकबाकी असल्यास केंद्राची अडचणही शेतकऱ्याला समजावून सांगू शकेल.

शासनाच्या साहाय्याने यंत्र गावापर्यंत येऊ शकते. ते गावात टिकविण्याचे काम मात्र वेळ पाळणाऱ्या चालकाचे, चोख हिशेबाचे आणि वेळेवर भाडे चुकविणाऱ्या शेतकऱ्याचे आहे. येत्या मृगापूर्वी प्रत्येक केंद्राने आपली वही उघडून गतवर्षीची नावे एकदा वाचून पाहावीत.